समुद्राचा सातबारा कोणाच्या नावावर? उधाण, नाखवा आणि कालवं यांची चर्चा

उधाण
महाराष्ट्राचा 1981चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे. 1 जून ते 31 जुलै बंदी आहे, 2016च्या आदेशाने पर्ससीनला (थव्याभोवती फास आवळणाऱ्या जाळ्याला) फक्त सप्टेंबर ते डिसेंबर; पुढे एलईडी दिव्यांवरच्या मासेमारीला मनाई, 54 जातींना किमान लांबी, त्याहून लहान पकडायचा नाही (पापलेट 135 मिमी). तरी बांगड्याचा थवा दिसला की जो आधी जाळं टाकेल त्याचा. पाण्यातला मासा कोणाचाच नाही, मी सोडला तर पुढचा उचलणार. आंब्याचा मोहोर कोणी ओरबाडत नाही, कारण बागेला सातबारा असतो.

न्यूझीलंडने 1986पासून माशालाही असाच मालक दिला. प्रत्येक जातीचे वर्षाला किती टन काढायचे ते ठरवायचं, त्याचे हिस्से पाडून मच्छीमारांना द्यायचे. हिस्सा विकता येतो, भाड्याने देता येतो. जास्त मिळालं तर दुसऱ्याचा हिस्सा विकत घ्या. मग तारखा आणि परवाने हवेत कशाला? डिझेलवरच्या कराचा परतावाही बंद करा. त्यानेच तोट्यातली फेरी परवडते.

नाखवा
हिस्सा जातीवार असतो हो. ट्रॉलरच्या (मागे जाळं ओढत नेणाऱ्या बोटीच्या) एका ओढीत कोळंबी, माकूल, ढोमा, लेपा, बळा सगळं एकत्र येतं. ढोम्याचा हिस्सा संपला तर काय करणार? मेलेला ढोमा पाण्यात परत. मासा गेलाच, वहीत मात्र दिसत नाही. आणि हर्णैला लिलाव पुळणीवर होतो. तिथे होडीमागे एक काटा आणि एक कारकून बसवणार? सरकार कमी करायला निघालात नि खातं दुप्पट झालं.

उधाण
ट्रॉलरचा मुद्दा मान्य. म्हणून सुरुवात थव्याच्या माशांपासून, बांगडा आणि तारली. पर्ससीनच्या फासात बहुतेक एकच थवा येतो, आणि या नौका मिरकरवाड्यासारख्या मोजक्या बंदरांत लागतात. तिथे काटा बसवणं अवघड नाही.

कालवं
गजाल खरी, पण पहिला हिस्सा कोणाला? जुन्या पकडीच्या नोंदीवर दिलात तर पावत्या पर्ससीनवाल्याकडे. रापणीचं काय? होडीतून अर्धगोल जाळं टाकायचं, दोन्ही टोकं किनाऱ्यावरून पन्नासेक माणसांनी ओढायची, मग वाटे. त्यात जाळ्याचाही वाटा असतो. याची पावती कोण फाडतं? न्यूझीलंडमध्येही तिथले मूळ रहिवासी माओरी कोर्टात गेले, 1992मध्ये सरकारला तडजोड करून मासेमारीत वाटा द्यावा लागला. ज्याला तुम्ही मुक्त बाजार म्हणता त्याची पहिली वाटणी राजकारणानेच झाली.

उधाण
वाटणीआधीही मालकी असते. उत्तर कोकणात डोलीचे, म्हणजे प्रवाहात बांधायच्या पिशवीसारख्या जाळ्याचे, खुंट बघा. खुंट रोवला त्याची ती जागा, दुसरा तिथे डोल लावत नाही. सरकारने पट्टा दिला नव्हता. श्रम मिसळले की मालकी, हे इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकचं म्हणणं इथे तंतोतंत लागू.

नाखवा
लॉकने पुढची अटही घातलीय: इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं उरलं पाहिजे. ती अट तुमच्या गोटातले सोयीने विसरतात. आणि रात्री ट्रॉलरने डोल फाडली की धाव कुठे? गस्ती नौकेकडेच ना.

कालवं
शिवाय खुंटाची मालकी एकट्याची नाही. जागा घराण्याची असली तरी कोणी कुठे रोवायचं ते गाव बघतं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009मध्ये नोबेल मिळालं ते अशाच सामाईक व्यवस्थांच्या अभ्यासासाठी. किनाऱ्यालगतचं पाणी गावच्या रापण संघांच्या नावे लिहा, हद्द मोडणाऱ्यावर त्यांनाच दावा लावू द्या. विक्रीचा हक्क मात्र नको. आइसलँडने 1990मध्ये हिस्से खुले विकू दिले, ते मोठ्या कंपन्यांकडे साठत गेले.

उधाण
विकता येत नाही ती मालकी कसली? पूर्वी कुळकायद्यातल्या जमिनीचं व्हायचं तसं होईल, नाव कुळाचं, विकायला सही कलेक्टरची.

नाखवा
ते राहू दे. राज्याची हद्द 12 सागरी मैल, पुढे केंद्र. मालवणसमोरचा तारलीचा थवा कर्नाटकातल्या मालप्याच्या बोटीने उचलला तर टनेज कोणाच्या खात्यातून वजा करायचं?

उधाण
किनाऱ्यावरच्या राज्यांचं एकच खातं लागेल, दुसरा मार्ग दिसत नाही.

नाखवा
मग ते चालवणार कोण, तेही लिहा.