छायाचित्रकारांनी चातुर्मासात काय करावे?

नव्या लग्न-छायाचित्रकाराने प्रसिद्धीचा सर्व खर्च इन्स्टाग्रामच्या जाहिरातींवर करावा, असे मत मांडले जाते; ते मला पटत नाही. आपल्याकडे कामे बहुधा मंगल कार्यालयाचे व्यवस्थापक, केटरर, सजावटकार आणि गुरुजी यांच्या शब्दावर मिळतात. म्हणून आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात, तेव्हा या मंडळींना प्रत्यक्ष भेटावे, कारण ऐन हंगामात त्यांना बोलायलाही सवड नसते. जाताना हात हलवत जाऊ नये. सजावटकाराला त्याच्या मांडवाची, केटररला पंगतीची निवडक छायाचित्रे द्यावीत आणि ती प्रसिद्ध करताना त्यांचे नाव आवर्जून लिहावे. ओळखी अशाने टिकतात, कमिशन देऊन जोडलेल्या नव्हेत, असे माझे ठाम मत आहे.

मात्र एक गोष्ट फार दुर्लक्षित राहते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला घेऊन एखाद्याच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, ते काढवून घेणारा असतो. म्हणून स्वतःच्या प्रसिद्धीसाठी आणि इतर व्यावसायिकांना देण्यासाठी छायाचित्रे वापरण्याची परवानगी आगाऊ रक्कम घेतानाच लेखी घ्यावी, आणि वधूवरांनी नकार दिल्यास तो मनापासून मानावा.