नवी गाडी वर्कशॉपात पडून आणि दोष कोकणातल्या रस्त्यांचा?

देवगडवाला: काल इथे एकाने लिहिलं, "नवी गाडी बंद पडली की कंपनीला शिव्या, पण कोकणातले खड्डे आणि खारी हवा कोण बघणार?" वाचून डोकं फिरलं. माझ्या भावाची नवीकोरी गाडी, पहिल्याच पावसाळ्यात गियर अडकायला लागला, टोचन करून वर्कशॉपला नेली, गणपती गेले, दसरा गेला, फोन केला की एकच, पार्ट वरून येतोय. बँकेचा हप्ता मात्र वेळेवर कापतात. गियरबॉक्सला काय खारी हवा लागली? अमेरिकेत बऱ्याच राज्यांत नवी गाडी सुरुवातीच्या काळात एकूण 30 दिवस दुरुस्तीत पडून राहिली तर बदलून द्यावी लागते नायतर पैसे परत. आपल्याकडे असा कायदाच नाही.

खाडीकाठ: ती पोस्ट माझी. कायदा नाही कसा? ग्राहक संरक्षण कायदा 2019 आहे, 50 लाखांपर्यंतच्या गाडीसाठी जिल्हा ग्राहक आयोग, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींचं कोर्टच, राहतो त्याच जिल्ह्यात केस टाकता येते. मी सर्व्हिस सेंटरला काम केलंय, लोक खड्ड्यात आपटून इंजिनखालचं चेंबर फोडून आणतात आणि वर वॉरंटी मागतात.

चिपळूणचा: मग खड्ड्यांवर बोला की! मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण 2011 पासून चाललंय, पोरं कॉलेजात गेली आमची. रोड टॅक्स गाडी घेतानाच पूर्ण भरून घेतात ना? मग शॉकॲब्सॉर्बर गेला तर तो माझ्या खिशातून का? दर गणपतीला मंत्री येतात, पाहणी करतात, पुढच्या वर्षी तोच खड्डा.

मालवणी माणूस: बरोबर आसा. टोल मात्र घेतत.

देवगडवाला: अरे हायवे राहू दे, वेगळा धागा काढा! खाडीकाठ, आयोगात दोष सिद्ध कोणी करायचा? ग्राहकाने. 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाने एका केसमध्ये गाडी बदलून द्यायचा आदेश रद्द केला, वॉरंटीप्रमाणे खराब पार्ट बदला म्हणाले. निकाल 3 महिन्यांत, तपासणी लागली तर 5, हे कागदावर. तोवर माणसाने एसटीने फिरायचं?

कणकवलीची ताई: भांडता काय नुसते. आमच्या जॉब कार्डवर, म्हणजे गाडी दुरुस्तीला देताना तक्रार लिहितात त्या कागदावर, वर्कशॉपवाल्यांनी "जनरल चेकअप" लिहिलेलं, गाडी चालू रस्त्यात बंद पडते हे कुठेच नाही, मग पुढे पुरावा काय दाखवणार? तक्रार आपल्या शब्दांत लिहून घेतल्याशिवाय चावी देऊ नका. आणि 2 वर्षांची मुदत असते केसला, गोड बोलून तीच घालवतात.

खाडीकाठ: सगळे वर्कशॉपवाले चोर नसतात हो. गियरबॉक्सचा हवेशी संबंध नाही, हे मान्य, बस? पण खड्ड्यांनी सस्पेन्शन, म्हणजे शॉकॲब्सॉर्बर वगैरे, जातं हे मी मागे घेणार नाही.

चिपळूणचा: सस्पेन्शन म्हणजे हायवेच की!

देवगडवाला: सस्पेन्शन मागतंय कोण? ताई, भावाची जॉब कार्डं सगळी आहेत, "गियर अडकतो" असं लिहिलेली. सोमवारी ओरोसला जिल्हा आयोगात जातोय.