अनुभव धागा : शिसपेन्सिल, शार्पनर आणि टोक काढण्यातलं सुख

काल रात्री एकाच पेन्सिलीचं टोक चार वेळा मोडलं. शार्पनरमध्ये फिरवावी तर शिसं आतच अडकून बसायचं. टाचणीने ते उकरून काढायचं, पुन्हा फिरवायचं, पुन्हा कट्ट. पेन्सिलच खराब निघाली असं समजून ती बाजूला ठेवली. मग सहज म्हणून दुसऱ्या शार्पनरमध्ये घालून पाहिली, तर तीच पेन्सिल अलगद सोलत गेली. अखंड साल निघाली, पातळ, झालरीसारखी, कडेला रंगाची लाल रेघ असलेली. मग पहिल्या शार्पनरचं पातं भिंगाखाली धरलं. धारेवर मधोमध केसाएवढी खाच पडली होती.

तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय, की पेन्सिल चांगली की वाईट हे लिहायला बसायच्या आधीच, टोक काढताना हाताला कळतं. लाकूड कसं कापलं जातंय, शिसं मधोमध आहे का, पातं ओरबाडतंय का सरकतंय, सगळं त्या पाच-सहा फेऱ्यांत समजतं. त्या फेऱ्यांचं सुख वेगळंच असतं, आणि ते ज्यांना ठाऊक आहे अशांकडून ऐकायचं आहे. तुमच्या हातातली पेन्सिल, शार्पनर (टोकयंत्र म्हणा, गिरमिट म्हणा), चाकू, कानस, काहीही चालेल, पण स्वतःचा अनुभव लिहा.

एक खुलासा आधीच करतो. शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाइट असतं, म्हणजे कार्बन. सोळाव्या शतकात इंग्लंडमधल्या बॉरोडेलला शुद्ध ग्राफाइट सापडला तेव्हा लोकांना तो शिशाचाच प्रकार वाटला, आणि ती समजूत कित्येक भाषांत पेन्सिलीच्या नावाला चिकटून राहिली. पण जिभेला वळण तेच आहे, त्यामुळे मी शिसंच म्हणणार.

*

ड्रॉइंग बोर्डावर बत्तीस वर्षं काढली, म्हणून लिहायचा हक्क आहे असं समजतो.

आमचं काम २एच आणि एच वर चालायचं, अगदी बारीक आखणीला ४एच. हे आकडे येतात कुठून, हे मला माझ्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. फ्रान्समध्ये युद्धामुळे इंग्लंडचा ग्राफाइट मिळेना, तेव्हा निकोला-झाक काँते याने ग्राफाइटची पूड चिकणमातीत मळली, तिच्या कांड्या केल्या आणि भट्टीत भाजल्या. हे १७९५ सालचं. माती जास्त पडली की शिसं कडक आणि फिकं, माती कमी की मऊ आणि काळं. एच पासून बी पर्यंतची सगळी उतरंड या एका प्रमाणावर उभी आहे. आजही शिसं असंच भाजतात आणि मग मेणात मुरवतात, म्हणून ते कागदावर घसरतं.

माझी पेन्सिल कोह-इ-नूर १५००. पिवळी, सहा कडांची, नाव हिऱ्यावरून घेतलेलं. १८८९ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा मांडली होती. सहा कडांचं महत्त्व उतरत्या बोर्डावर काम करणाऱ्यालाच कळतं. गोल पेन्सिल खाली गडगडते, आणि पडलेली पेन्सिल बाहेरून धडधाकट दिसली तरी आत शिशाचे तुकडे झालेले असू शकतात. धागाकर्त्याचं टोक चारदा मोडलं ते पात्याच्या खाचेमुळे, हे पटलं. पण शार्पनर चांगला असूनही टोक मोडत राहिलं, तर ती पेन्सिल कधीतरी पडली होती असं खुशाल समजा.

रेघ ओढण्याची रीत सांगतो. पेन्सिल पट्टीला टेकवून ओढताना अंगठा आणि तर्जनीमध्ये ती हळूहळू फिरवत न्यायची. तीन फुटांच्या रेघेत साधारण एक पूर्ण वेढा. टोक सगळीकडून सारखं झिजतं आणि रेघ सुरुवातीला जेवढी बारीक तेवढीच शेवटी. हे नीट जमायला मला सहा महिने लागले. ज्या दिवशी जमलं त्या दिवशी रेघेच्या दोन्ही टोकांवर भिंग ठेवून मी कितीतरी वेळ पाहत होतो.

आणि घेण्यापूर्वी पेन्सिल बुडाकडून बघा. शिसं बरोबर मध्यात हवं. ते जरा जरी सरकलेलं असेल तर टोक काढल्यावर एका बाजूने लाकूड थेट अणीपर्यंत चढतं आणि कागदावर खरखरतं. असल्या पेन्सिलीला जगातला कुठलाच शार्पनर सुधारू शकत नाही.

*

वरच्या काकांनी पेन्सिल बुडाकडून बघायला सांगितलं. मी लाकडात काम करतो, मी तिथेच आणखी एक गोष्ट बघतो.

पेन्सिल दोन फळ्यांची असते. एका पातळ पट्टीत अर्धगोल खाचा पाडतात, त्यांत शिसं बसवतात, वरून तशीच दुसरी पट्टी चिकटवून दाबतात आणि मग त्या जोडपट्टीतून एकेक पेन्सिल रंधून काढतात. बुडाशी, जिथे रंग नसतो तिथे, जोडाची बारीक रेघ दिसते. आता त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना लाकडाचे तंतू कसे धावतात ते बघा. दोन्हीकडे सारखे असतील तर साल एकसंध निघते. एकीकडे सरळ आणि दुसरीकडे तिरके असतील, तर अर्ध्या फेरीत पातं गुळगुळीत चालतं आणि उरलेल्या अर्ध्या फेरीत ओरबाडतं. पुष्कळांना वाटतं शार्पनर अडखळतोय. अडखळत असतं ते लाकूड.

शार्पनर म्हणजे इवलासा रंधाच आहे. रंधा कसा तंतूंच्या कलाने चालवावा लागतो, कलाविरुद्ध गेला की फळी उसवतो, तसंच इथे. म्हणून पेन्सिलीला असं लाकूड लागतं ज्यात गाठ नाही, तंतू सरळ आणि घनता सगळीकडे सारखी. कॅलिफोर्निया आणि ओरेगॉनकडचा इन्सेन्स सीडार याच गुणांमुळे पेन्सिलवाल्यांचा लाडका. त्याच्या आधी अमेरिकेच्या पूर्वेकडचा तांबडा सीडार वापरायचे, प्रत्यक्षात तो जुनिपरच्या जातीचा. वास या दोघांचाच. पॉप्लर आणि बासवूडच्या पेन्सिली वाईट नसतात, पातं चांगलं असेल तर त्याही छान सोलतात, पण ताजी साल नाकाशी नेली तर काहीच जाणवत नाही. सीडारच्या सालीला सुक्या, गोडसर, नव्या उघडलेल्या पेटीसारखा वास येतो. मी ती साल टाकत नाही, हत्यारांच्या खणात ठेवतो.

माझी स्वतःची कामाची पेन्सिल चपटी, जाड शिशाची. तिला शार्पनर चालत नाही, पटाशीने टोक काढतो. चार काप रुंद बाजूने, दोन अरुंद बाजूने, की पटाशीसारखीच सपाट धार येते. ती धार गुण्याला टेकवून ओढली की खूण इतकी नेमकी पडते की करवत कुठल्या बाजूने घालायची यावर शंकाच राहत नाही.

*

मी डावखुरी. डावीकडून उजवीकडे लिहिताना माझा हात कायम लिहिलेल्या ओळीवरून जातो. बी किंवा २बी घेतली की करंगळीची कड चंदेरी होते आणि पान धुरकट. खूप वर्षांनी एफ ही जात सापडली, एचबी आणि एच यांच्या मधली. टोक जास्त वेळ टिकतं, फारसं पसरत नाही आणि एचसारखी फिकीही वाटत नाही. डावखुऱ्यांनी एकदा घेऊन बघावीच. उलट बाजूने पातं बसवलेले डावखुऱ्यांचे शार्पनरही मिळतात. तो पहिल्यांदा वापरला तेव्हा मनगट आपोआप योग्य दिशेला वळलं, आणि इतकी वर्षं आपण उलटं वळवत होतो हे तेव्हा जाणवलं.

*

चित्रं काढते, त्यामुळे शार्पनर माझ्यासाठी दुय्यम आणि चाकू मुख्य. शिसं जवळजवळ दोन सेंटिमीटर उघडं ठेवते. अणीने तपशील आणि तीच पेन्सिल आडवी धरून छाया, दोन्ही कामं एकीतच होतात. चाकूला जोर द्यायचा नसतो. चाकूचा हात स्थिर ठेवायचा आणि पेन्सिल धरलेल्या हाताच्या अंगठ्याने पात्याची पाठ पुढे ढकलायची. लाकूड संपून शिसं लागतं तिथे आवाज बदलतो, चर्र वरून सूं. त्या क्षणी दाब निम्मा करायचा. शेवटची अणी बारीक पॉलिशपेपरवर फिरवून.

पेन्सिलींत माझा जीव जपानी पेन्सिलींवर आहे. मित्सुबिशीची हाय-युनी १९६६ ची, टोम्बोची मोनो १०० त्याच्या पुढच्या वर्षीची, आणि दोघींची आजही टक्कर चालू आहे. (या मित्सुबिशीचा गाड्यांच्या मित्सुबिशीशी काही संबंध नाही, नाव आणि तीन हिऱ्यांचं चिन्ह तेवढं एक.) हाय-युनीच्या ४बीने गालाची छाया भरताना मध्येच एखादा कडक कण लागून ओरखडा उमटलाय, असं माझ्या बाबतीत कधीच झालं नाही. स्वस्त ४बीमध्ये तो कण हटकून येतो, आणि तो नेमका चेहऱ्यावरच येतो. तो ओरखडा खोडरबराने जात नाही, कागदात खड्डा पडलेला असतो.

रंगीत पेन्सिलींचं शिसं मेणाचं किंवा तेलाचं, भाजलेलं नसतं, म्हणून नाजूक. तिथे पेन्सिल स्थिर धरून शार्पनर फिरवा, आणि पातं नवं हवं. एवढ्यानेच माझं मोडणं कितीतरी कमी झालं.

*

पक्षी बघतो आणि नोंदी फक्त पेन्सिलीने करतो. पेनाची शाई एका सरीत वाहून गेली, तीन तासांची नोंद निळा डाग होऊन बसली, तेव्हापासून. ग्राफाइट पाण्याने ओघळत नाही. ओलसर कागदावर लिहिता येतं, मान वर करून वही डोक्याशी धरली तरी उमटतं, थंडीत गोठत नाही.

एक प्रश्न आहे. माझा शार्पनर मॅग्नेशियमचा, जर्मन बनावटीचा, अगदी हलका, धारही उत्तम. समुद्रकाठी आठवडाभर खिशात राहिला आणि त्यावर पांढरी भुकटी धरली, अंग खडबडीत झालं. पातं मात्र जसंच्या तसं चकचकीत! असं का व्हावं?

*

रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून वरच्या प्रश्नाला उत्तर. मॅग्नेशियमचं अंग, पोलादी पातं आणि खारं पाणी, हा एक छोटा विद्युतघट झाला. दोन धातू एकमेकांना टेकलेले असले आणि मध्ये मीठपाणी आलं की जास्त क्रियाशील धातू झिजतो आणि दुसऱ्याला वाचवतो. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा कितीतरी क्रियाशील, म्हणून अंग गेलं आणि पातं राहिलं. पांढरी भुकटी ही मुख्यतः मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड. मी वर्गात असाच शार्पनर मिठाच्या पाण्याच्या चंचुपात्रात सोडतो. लगेच बुडबुडे सुटू लागतात, तो हायड्रोजन. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा उठून पुढे येतात.

तुम्ही पितळी घ्या. जड आहे, पण हातात बसतो छान. फक्त लक्षात ठेवा, पितळेबरोबर गणित उलटं होतं. तिथे आधी गंजणार ते पातं, म्हणून समुद्रावरून आलात की ते पुसून ठेवा.

*

जुन्या हस्तलिखितांच्या वाचनालयात बसते. अशा बहुतेक ठिकाणी आत पेन नेता येत नाही, फक्त पेन्सिल. कारण उघड आहे, शाईचा थेंब पडला तर तीनशे वर्षांचं पान कायमचं गेलं. टोक काढायचं तर बाहेर जाऊन, कारण ग्राफाइटची भुकटीही पानावर नको. म्हणून आत जाताना पाच पेन्सिली लांब टोकाच्या करून नेते. दोन टप्प्यांचा शार्पनर वापरते, पहिल्या भोकात फक्त लाकूड सोललं जातं, दुसऱ्यात फक्त शिशाला अणी येते. पाचवी बोथट झाली की उठायची वेळ झाली, घड्याळ बघत नाही.

*

प्राथमिकचे वर्ग घेते. आमच्या टेबलाला पकडीने बसवलेलं हँडलचं यंत्र आहे. त्यात पातं नसतं, तिरप्या दातांचा दंडगोल असतो, पेन्सिल स्थिर आणि तो दंडगोल तिच्याभोवती फिरतो. टोक पुरं झालं की हँडल एकदम हलकं होतं. मुलांना तो क्षण इतका आवडतो की टोक असलेली पेन्सिलही पुन्हा घालायला येतात. मेणाचे खडू आणि रंगीत पेन्सिली त्यात घालू देऊ नका, दातांत मेण बसतं आणि मग चांगल्या पेन्सिलीही चावल्यासारख्या निघतात. माझं यंत्र असंच बसलं होतं. जुन्या दातघासणीने एकेक दात साफ केला, आत साधी एचबी फिरवली, आणि तो पूर्वीचा भरीव खर्रर्र आवाज परत आला.

*

धागाकर्ता पुन्हा. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार.

सगळं वाचून खाच पडलेल्या शार्पनरकडे परत गेलो. तोही पितळीच निघाला, आणि मी तो टाकून देणार होतो. एकच स्क्रू आहे. काढण्याआधी जुनं पातं कसं बसलंय ते नीट पाहून ठेवलं. त्याच मापाचं नवं पातं बसवलं, धार पेन्सिलीकडे किंचित जास्त आली होती म्हणून स्क्रू सैल करून नखाने जरासं मागे घेतलं आणि पुन्हा आवळलं. सुतारदादांनी सांगितल्याप्रमाणे पेन्सिल बुडाकडून पाहिली. शिसं मधोमध, तंतू दोन्हीकडे सरळ. मग पेन्सिल स्थिर धरली आणि शार्पनर फिरवला. सात वेढ्यांची साल निघाली, कुठेही न तुटता, आणि वास सीडारचा आहे.