मदत हवी आहे: जुना पिकअप घाटात मध्येच बंद पडतो

डिझेल पिकअप, २००९ चा, साध्या मेकॅनिकल डिझेल पंपाचा. ईसीएम (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) वगैरे नाही. चिपळूणहून आंबा भरून कुंभार्ली घाट चढताना आचके देतो आणि बंद पडतो. सपाटीवर काहीच त्रास नाही. बंद पडल्यावर हँडपंप (हाताने दाबून डिझेल चढवायचा छोटा पंप) मऊ लागतो, लाइनमधली एअर काढली की आधी फेसाळ डिझेल येतं आणि गाडी चालू होते. टाकी अर्ध्याखाली असेल तर हमखास. डिझेल फिल्टर नवा आहे, स्टॉप सोलेनॉइडला (डिझेल चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) करंट नीट येतो.

मेकॅनिक डिझेल पंप उतरवा म्हणतोय, मला ते पटत नाही. हवा टाकीकडूनच येत असणार. टाकीतला सक्शन पाइप (डिझेल ओढून घेणारा) वरच्या बाजूला चिरला असेल का? कॅनमधून पारदर्शक नळीने डिझेल देऊन इंजिन चालवलं तर नक्की कळेल का? घाटातल्या वळणावर भरलेली गाडी बंद पडणं फार धोक्याचं आहे, कुणी हे निस्तरलं असेल तर कृपया सांगा.