'सिनिकल'ला मराठीत काय म्हणाल?

उंबरठा:
जॅक लंडनच्या 'द सी-वुल्फ'मधला (१९०४) एक उतारा मराठीत करतेय आणि एका शब्दापाशी तीन दिवस अडलेय. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत धुक्यात फेरीबोट बुडते, त्यातला एक पुस्तकी माणूस वाहत जातो, सीलच्या शिकारीला निघालेलं 'घोस्ट' नावाचं जहाज त्याला उचलतं आणि कप्तान वुल्फ लार्सन त्याला परत सोडायचं नाव न काढता नोकर म्हणून राबवतो. लार्सन क्रूर आहे इथवर ठीक, पण तो सिनिकलही आहे ना, म्हणजे कुणाच्याच चांगुलपणावर विश्वास नसलेला! 'तुच्छतावादी' लिहिलं तर बहीण म्हणाली, हे काय पक्षाचं नाव आहे का?

शिळोप्या:
खवट. आमची आजी कायम म्हणायची, "खवट बोलू नकोस." संपला विषय.

उंबरठा:
अहो पण खवट म्हटलं की कुरकुरणारा म्हातारा दिसतो. लार्सन मजेत असतो. स्वयंपाक्याचा शर्ट मळका म्हणून त्याला दोर बांधून समुद्रातून फरफटवतो, शार्क त्याचं पाऊल तोडतो, त्यावर हा काय म्हणतो तर शार्क काही हिशेबात धरला नव्हता, दैवयोग म्हणा हवं तर.

धातुसाधित:
मूळ ग्रीक शब्दात कुत्रा आहे. क्योन म्हणजे कुत्रा, आपल्या श्वानाचा भाऊबंदच. सिनिक पंथाचा ग्रीक तत्त्वज्ञ डायोजिनीस, त्याला कुत्राच म्हणत. तेव्हा सरळ 'श्ववृत्ती' लिहा.

काना_मात्रा:
मनुस्मृतीत श्ववृत्ती म्हणजे दुसऱ्याची चाकरी. तुमच्या शब्दाने कप्तान सुटला आणि तो बिचारा नोकर अडकला :)

शिळोप्या:
मग 'कुत्सित' घ्या की, त्यात कुत्रा आहेच.

काना_मात्रा:
नाहीये. कुत्स् धातू, निंदा करणे.

शिळोप्या:
धातू असेल हो, पण मला ऐकू कुत्राच येतो. शाळेत एक मास्तर कुत्सित हसायचे, वरचा ओठ अस्सा उचलून, चावणार असंच वाटायचं.

निवांत:
कुत्रा सोडा आता. ते जुने सिनिक तर फकीर होते, गरजा कमी करा, सचोटीने जगा म्हणणारे. लार्सनला सचोटी म्हणजे भाबडेपणा वाटतो, म्हणजे शब्द कधीच उलटा झालाय, व्युत्पत्ती उकरून काय मिळणार? 'सिनिकल' तसाच ठेवा. टेबलाला कोण मेज म्हणतं?

धातुसाधित:
हेच! दरवेळी टेबल पुढे करायचं आणि आळस झाकायचा.

निवांत:
आळस नाही, वाचकाला कळावं म्हणून. आणि 'मेज' तरी कुठे आपला, फारसीच.

उंबरठा:
बरं, पुढची अडचण. लार्सनच्या मते जीवन म्हणजे यीस्ट, फसफसतं, मोठं लहानाला खातं आणि एक दिवस थंड होतं. खमीर लिहू का किण्व?

धातुसाधित:
किण्व. खमीर अरबी आहे.

निवांत:
किण्व वाचून फसफस ऐकू येते का कुणाला? आणि बोलणारा दर्यावर्दी आहे, प्रयोगशाळेतला मास्तर नाही.

काना_मात्रा:
पण तो तत्त्वज्ञ स्पेन्सर, डार्विन वाचलेला दर्यावर्दी आहे हे विसरू नका, किण्व शोभेल त्याला.

शिळोप्या:
'विरजण' का नको? आयुष्य म्हणजे विरजण. उत्साहावर विरजण पडतं ते पण आलं, म्हणजे तुमचं सिनिकलही त्यातच उरकलं.

काना_मात्रा:
विरजणात कोण कुणाला खातं?