सीएफ आहे, थुंकीत एएफबी पॉझिटिव्ह, तरी टीबी नाही?

मुक्ताचीआई: मुलगी १६ वर्षांची, सिस्टिक फायब्रोसिस (सीएफ, फुप्फुसात चिकट कफ साठवणारा जन्मजात आजार). फुप्फुसातल्या स्यूडोमोनास जंतूची सवय झालीय, टोब्रामायसिन या अँटिबायोटिकची वाफ चालूच असते. या वेळी कोर्स संपला तरी ताप राहिला, वजन घटलं, एफईव्ही१ (एका सेकंदात जोराने सोडलेला श्वास) घसरला. थुंकीत एएफबी (सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे टीबीसारखे जंतू) निघाले. मी टीबीच धरून चालले होते, पण जीनएक्सपर्ट ही टीबीची जनुकीय चाचणी निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले, एनटीएम (टीबीच्या जंतूचे नातलग, पण टीबी नव्हे) असेल, कल्चर येऊ दे, अ‍ॅझिथ्रोमायसिन मात्र आजपासून बंद. जंतू सापडल्यावर उलट औषध काढून घ्यायचं?

काचपट्टी: मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम करते. ताई, डॉक्टरांचं बरोबर आहे. सीएफमध्ये अ‍ॅझिथ्रोमायसिन देतात ते मुख्यतः सूज आटोक्यात ठेवायला. पण एनटीएमच्या उपचारात हाच मोहरा लागतो, आणि एकटा चालू ठेवला तर जंतू त्याला सरावतात. मायकोबॅक्टेरियम अ‍ॅबसेसस हा एनटीएम निघाला तर उपप्रजाती जरूर विचारा. त्यातल्या बऱ्याच जंतूंमध्ये ‘ईआरएम ४१’ नावाचं जनुक असतं: सुरुवातीला औषध लागू पडतंय असं दिसतं, लॅबमध्ये औषधासोबत १४ दिवस ठेवलं की जंतू रेझिस्टंट. मॅसिलिएन्स या उपप्रजातीत ते जनुक निकामी असतं, तिथे औषधाचा उपयोग होतो. आणि लॅबच्या फॉर्मवर ‘सीएफ’ ठळक लिहायला लावा. नाहीतर स्यूडोमोनास सगळी प्लेट व्यापतो नि खरा गुन्हेगार दिसतच नाही.

जुनाखोकला: मला स्वतःला सीएफ, अ‍ॅबसेसस होऊन गेलाय. एका पॉझिटिव्हवर लगेच उपचार सुरू होतीलच असं नाही. वेगवेगळ्या दिवशीच्या किमान दोन थुंकी, सीटी आणि लक्षणं, सगळं जुळवून बघतात. सुरू झाले तर लांबतात: आधी शिरेतून अँटिबायोटिक, अ‍ॅमिकासिन वगैरे, मग गोळ्या आणि वाफ. अ‍ॅमिकासिनआधी कानाची तपासणी करून घ्या, मधेमधेही. माझ्या कानात शिटी वाजायला लागली तेव्हा जुना ऑडिओग्राम हाताशी होता म्हणून फरक लगेच कळला.

मुक्ताचीआई: धाकट्याला लागेल का? त्याला सीएफ नाही.

जुनाखोकला: निरोगी माणसाला सहसा नाही. सीएफवाल्यांनी मात्र एकमेकांपासून लांबच राहायचं. अ‍ॅबसेसस सीएफ रुग्णांमध्ये पसरत असावा, असं २०१३ आणि २०१६च्या जनुकीय अभ्यासांत दिसलं. म्हणून माझ्या सीएफवाल्या मित्रांना मी फक्त स्क्रीनवर भेटतो. वैताग आहे, पण आहे.

काचपट्टी: एक राहिलं. नमुना देण्याआधी नळाच्या पाण्याने चूळ नको, निर्जंतुक पाणी घ्या. नळाच्या पाण्यातही एनटीएम असू शकतात.