बहिणीला मुलींच्या निवासी शाळेत टाकलं, सहाव्या दिवशीच 'घेऊन जा' म्हणते

कोयत्याचा_पोरगा:
नमस्कार. मी बीड जिल्ह्यातला, चाकणला कंपनीत आहे. आईवडील ऊसतोडीला जातात. धाकटी बहीण सहावीत गेली म्हणून १६ जूनला तिला तालुक्याच्या मुलींच्या निवासी शाळेत टाकलं. आजवर दसरा झाला की तीपण फडावर जायची, लहान भावाला सांभाळायला. पाचवी अर्धीच झाली म्हणा ना.

काल वॉर्डन मॅडमच्या फोनवरून बोलली. बोलली कसली, रडलीच. वरचा पलंग दिलाय, झोपेत पडायची भीती वाटते. नळावर मोठ्या पोरी मधे घुसतात. पेटीतला तेलाचा डबा गेला. गप्प करायला म्हणून मी बोलून गेलो, रविवारी येतो आन् घेऊन जातो. आता आई म्हणते आण, वडील म्हणतात नको. गावात तोडीला गेलेल्यांच्या पोरांसाठी हंगामी वसतिगृह आहे, पण तिथं जेवण तेवढं मिळतं. झोपायला आजीकडं, आन् आजीला नीट दिसत नाही. काय करू?

सातपुड्याची:
मी धडगावकडची. पाचवीत मुलींच्या आश्रमशाळेत गेले. घरी पावरी बोलायचो, त्यामुळे पहिले पंधरा दिवस घंटेशिवाय काहीच समजायचं नाही. बाईंनी काही विचारलं की मी उभी राहायचे. उभं राहिलं की भागतं, एवढं कळलं होतं.

सोडायला मामा आला होता. जाताना म्हणाला, उद्या येतो. दुसऱ्या दिवशी मी पेटी भरून गेटजवळच्या निंबाखाली जाऊन बसले. स्वयंपाकाच्या मावशी जेवायला ओढून न्यायच्या, जेवून मी परत पेटीवर. असे तीन दिवस. मामा उगवला तो दिवाळीच्या सुट्टीत. मामाला हे अजून माहीत नाही.

तू रविवार म्हणालास ना? मग रविवारीच जा. पाऊस असो, ओव्हरटाइम असो. पण आणू नकोस. चुकून बोललो, असं तोंडावर सांग. चिडेल. चिडू दे.

पलंगाचं वॉर्डनशी तूच बोल, नव्या मुलीच्या तोंडातून ते निघत नाही. पेटीला चांगलं कुलूप ने, किल्ली काळ्या दोऱ्यात गळ्यात. तेल छोट्या बाटलीत दे. मोठा डबा दिसला की सगळ्या मागतात, आणि नाही म्हटलं की पोर एकटी पडते. कपड्यांना आतून लाल दोऱ्याची खूण कर. आमच्याकडे सगळ्यात जास्त भांडणं वाळत घातलेल्या चड्ड्यांवरून व्हायची. उवा होणारच, बारीक फणी दे. आणि चटणी, जरा जास्तच. माझी पहिली मैत्रीण तिळाच्या चटणीवर झाली. तिला पावरी येत नव्हती, मला मराठी.

निवृत्त_गृहपाल:
जाण्याआधी एक पाहा. प्रवेशाच्या वेळी भेटायला येणाऱ्यांची नावं आणि फोटो दिले असतील. त्यात तुमचं नाव नसेल तर गेटवरून परत पाठवतील, आणि ते बरोबरच आहे. आधार कार्ड आणि वडिलांची चिठ्ठी जवळ ठेवा.

घरची आठवण येणारी मुलगी सगळं सांगते: तेल गेलं, नळावर ढकललं, पलंग उंच आहे. माझी झोप उडवायच्या त्या काही न सांगणाऱ्या. एखाद्या माणसाचं नाव निघालं की मान खाली. तसं दिसलं तर 'रुळेल हळूहळू' म्हणू नका, तिथून हलवा, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा. तुमची बोलतेय, तरी एकटीला बाजूला घेऊन विचारा.

वाट_चुकलेली:
अकरा वर्षांची पोर आहे हो. आईजवळ राहू द्या की.

कोयत्याचा_पोरगा:
ताई, आई दसऱ्यानंतर फडावर असणार. आईजवळ म्हणजे पाचटाच्या खोपीत, आन् पहाटे थंडीत मोळ्या उचलायला. मलाबी तेच वाटतं, पण जवळ ठेवायला घरच जाग्यावर नाही.

कोयत्याचा_पोरगा (रविवारी रात्री):
जाऊन आलो. चिठ्ठी होती म्हणून आत सोडलं, गृहपाल सरांचे आभार. 'चुकून बोललो' म्हटल्यावर अर्धा तास बोलली नाही. कारळ्याची चटणी मात्र लगेच घेतली. बाजूला घेऊन विचारलं, तसलं काही नाही. मॅडमनी खालचा पलंग दिलाय, तिथं कळंबची एक पोरगी शेजारी आहे, ती झोपेत बडबडते म्हणे.

साडेबाराला घंटा झाली तर मलाच म्हणाली, जा आता, ताट घेऊन मागं राहिलं की वरण पातळ येतं. पळाली.

कुलूप माझ्याच बॅगेत राहिलं. एसटीत बसल्यावर दिसलं. ते कसं पाठवू?